मलपृष्ठावरचे तेरा अंक



अध्यक्षाने वाचनसंस्कृतीच्या ऱ्हासावर बोलावं, अशी आपल्या परिषदांची रीत आहे. ते काम माझ्याआधीच्या अध्यक्षांनी पुरेसं केलं आहे. मी आज गोदामाबद्दल आणि गल्ल्याबद्दल बोलणार आहे. काहींना हा विषय या व्यासपीठाला शोभणारा वाटणार नाही. पण पुस्तक छापून झालं की ते माल असतं आणि मालाचा हिशेब ठेवावा लागतो.

आपल्यापैकी कोणाही प्रकाशकाला विचारा, तुमच्या गाजलेल्या कादंबरीच्या किती प्रती वाचकांच्या घरात आहेत? तो आवृत्त्या मोजून दाखवेल. म्हणजे किती छापल्या ते सांगेल. जरा हिशेबी असेल तर वितरकांकडे किती गेल्या तेही सांगेल. पण वाचकाने पैसे मोजून किती नेल्या, हा आकडा मराठी ग्रंथव्यवहारात कोणाकडेच नाही. समजा, हजारांची आवृत्ती काढली आणि सगळ्या प्रती चलनावर बाहेर गेल्या. आपण म्हणतो, आवृत्ती संपली. दुसरी छापायला देतो. मार्च उजाडला की नागपूरहून, लातूरहून, कोल्हापूरहून परतीचे गठ्ठे येऊन पडतात आणि कळतं, की पहिलीच संपलेली नव्हती. पैसा कागदात अडकतो, पुढे तोच कागद रद्दीत जातो, आणि आपण पुन्हा वाचकाच्या नावाने बोटं मोडतो.

हाच घोळ अमेरिकेतल्या संगीत व्यवसायात होता. ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची अल्बमची यादी दुकानदारांनी तोंडी कळवलेल्या माहितीवर बनत असे. कोणता अल्बम जोरात आहे हे दुकानातला माणूस अंदाजाने सांगायचा. त्याची आवड त्यात मिसळायची आणि कंपन्यांची भीडही. मे १९९१ मध्ये ही यादी दुकानांच्या गल्ल्यावर स्कॅन झालेल्या बारकोडवरून बनू लागली. काही आठवड्यांतच, जूनमध्ये, एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा अल्बम पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. रॅप आणि कंट्री हे दोन्ही प्रकार आधीही भरपूर खपत होते, ते फक्त यादीत दिसत नव्हते. पुस्तकांसाठी अशीच बुकस्कॅन ही व्यवस्था तिथे २००१ पासून आहे. आपल्याकडच्या ‘सर्वाधिक खपाच्या’ याद्या कशा तयार होतात, हे या सभागृहात मी सांगायला नको. त्या याद्यांत न दिसणारं काय काय खपतंय याची मला फार उत्सुकता आहे. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, पोथ्या आणि पाककृती खऱ्या यादीत कुठे बसतील याचा अंदाज करून बघा, म्हणजे आपल्यातले काहीजण अशी यादी बनवण्याच्या प्रस्तावाला विरोध का करतील तेही कळेल.

आता बारकोडच्या त्या रेघांकडे येतो. जोसेफ वुडलँड आणि बर्नार्ड सिल्व्हर यांनी १९४९ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५२ मध्ये त्यांना ते मिळालं. तरी ओहायोतल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पहिलं पाकीट स्कॅन व्हायला २६ जून १९७४ उजाडावा लागला. एवढा काळ गेला, कारण रेघा वाचणारं स्वस्त यंत्र नव्हतं. शिवाय सगळ्या उत्पादकांनी एकाच पद्धतीचे क्रमांक छापायचं कबूल केल्याशिवाय कोणा एकाला त्याचा उपयोगच नव्हता. यंत्राचा प्रश्न आता उरलेला नाही. साधा स्कॅनर म्हणजे संगणकाच्या दृष्टीने एक कीबोर्डच. तो तेरा अंक वाचतो, टाइप करतो आणि एंटर दाबतो. अडलं आहे ते कबुलीपाशीच.

बारकोडमध्ये पुस्तकाचं नाव नसतं, लेखक नसतो, किंमत नसते. असतो तो फक्त आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख-क्रमांक, १ जानेवारी २००७ पासून तेरा अंकी. ९७८ म्हणजे पुस्तक, पुढे ८१ किंवा ९३ म्हणजे भारतातली नोंदणी, मग प्रकाशक, मग शीर्षक आणि शेवटी तपासणीचा अंक. हाताने टाइप करताना एखादा अंक चुकला तर तो शेवटचा अंक चूक हमखास पकडतो. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी बहुतेक वेळा पकडतो. नावांना असा पहारेकरी नसतो. दुकानातल्या एकाने ‘ययाति’ टाइप केलं, दुसऱ्याने ‘ययाती’, तिसऱ्याने रोमन लिपीत जमेल तसं. एकाच पुस्तकाची तीन खाती झाली. एका खात्यात शिल्लक उणे दोन, दुसऱ्यात सात, तिसऱ्यात शून्य. गिऱ्हाईक विचारतं तेव्हा नेमकं शून्याचं खातं उघडतं आणि आपण म्हणतो, ‘संपलंय’. पुस्तक मात्र त्याच्या पाठीमागच्या फळीवर असतं.

हे सारं तेरा अंकांनी मिटतं, पण अंक नीट असतील तर. म्हणून प्रकाशक मित्रांशी थोडं भांडायचं आहे. पुठ्ठाबांधणी आणि साधी बांधणी यांना वेगळे क्रमांक लागतात. आपण एकच छापतो. काहीजण तर जुन्या पुस्तकाचा क्रमांक नव्या पुस्तकाला चिकटवतात, क्रमांकाला पैसे पडत असावेत अशा काटकसरीने. दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी तो विनामूल्य देते. आयएसबीएनवरूनच बारकोड तयार होतो, त्यासाठी पुस्तकाला ८९० ने सुरू होणारा क्रमांक विकत घ्यायची गरज नाही. उलट, मजकूर न बदलता नुसतं पुनर्मुद्रण केलं तर क्रमांक तोच राहतो. तेव्हा नवा घेऊन गोंधळ वाढवू नये.

आणि मुखपृष्ठकारांना कोणीतरी समजावा. स्कॅनरचा प्रकाश बहुधा लाल असतो. त्या प्रकाशात लाल रेघ पांढऱ्या कागदाइतकीच उजळ दिसते. म्हणजे पांढऱ्यावर लाल रेघांचा सुंदर बारकोड यंत्राला कोराच असतो. काळ्यावर पांढऱ्या रेघा काढल्या तरी पुष्कळ स्कॅनर अडतात. मूळ माप सुमारे ३७ मिलिमीटर बाय २६ मिलिमीटर आहे, ते ८० टक्क्यांपर्यंतच लहान करता येतं, आणि दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावीच लागते. लेखकाच्या फोटोला जागा हवी म्हणून रेघा कोंबून बसवलेली मलपृष्ठं रोज हातात येतात. तो फोटो बघून पुस्तक घेणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आता माझे ग्रंथविक्रेते बंधू-भगिनी. आपण स्कॅनर घेतला आणि गल्ल्यावर ठेवला. बिल झटपट होतं, गिऱ्हाईक खूश. पण शिल्लक जुळत नाही, मग आपण सॉफ्टवेअरवाल्याला फोन करतो. सॉफ्टवेअरवाला तरी काय करणार? आवक आपण स्कॅन केलीच नाही, चलन बघून ठोकळ आकडा टाकला. भिजलेल्या प्रती, लेखकाला दिलेल्या भेटप्रती, समीक्षणासाठी पाठवलेल्या प्रती, परत गेलेला गठ्ठा, शाळेत नमुन्याला दिलेली पाच पुस्तकं, सगळी नोंदीशिवाय दाराबाहेर पडली. स्कॅनर जिथे ठेवला तिथलंच तो सांगतो. तो आधी आवकीच्या टेबलावर हवा, गल्ल्यावर नंतर.

प्रदर्शनांत हे सर्वांत जास्त जाणवतं. टेम्पो भरून पुस्तकं जातात आणि चार-आठ दिवसांनी उरलेली येतात. गेलेली आणि आलेली यांतला फरक म्हणजे विक्री, असं आपण धरतो. खोकी भरताना आणि उघडताना स्कॅन केलं तर हरवलेल्या प्रती आणि विकलेल्या प्रती यांत भेद करता येतो. प्रकाशकाला पैसे देताना या भेदावरून किती कडवटपणा येतो, तो दोन्ही बाजूंनी आठवून बघा. जुन्या आयएसबीएन नसलेल्या पुस्तकांसाठी घरचं लेबल छापावं, पण त्याचा क्रमांक २० ते २९ यांपैकी आकड्याने सुरू करावा. ते आकडे अशा अंतर्गत वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत. आणि वाढीव किमतीचा स्टिकर कृपा करून बारकोडवर चिकटवू नका. जुन्या आणि नव्या किमतीच्या प्रतींचा बारकोड एकच असतो, तेव्हा किंमत प्रत हातात घेऊन, वाचूनच लावावी लागते.

ग्रंथालयवाल्यांचं थोडं वेगळं. त्यांचा बारकोड दाखल क्रमांकाचा, म्हणजे एकेका प्रतीचा. आपला सगळ्या प्रतींना मिळून एकच. देवघेवीच्या टेबलावर चुकून आपलाच वाचला जातो आणि पुस्तक ‘नोंद नाही’ ठरतं. त्यांनी स्वतःचं लेबल आतल्या पानावर लावलं तर भानगड मिटेल. दिवाळी अंकांना आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकांचा क्रमांक, असेल तर ९७७ ने सुरू होणारा बारकोड लागतो आणि त्या वर्षाचा अंक पुढच्या छोट्या पुरवणी रेघांत दाखवता येतो. बहुतेक संपादकांनी हे केलेलं नाही. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेल्या या परंपरेचा खरा खप त्यामुळे आजही फक्त संपादकीयात सापडतो.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. फक्त पुस्तकं विकणाऱ्याला नोंदणीही करावी लागत नाही. ही सवलत आपल्याला हवीच. पण तिचा एक परिणाम असा, की इतर व्यापाऱ्यांना सरकारी धाकाने जी नोंदवहीची शिस्त लागली ती आपल्याला लागली नाही. ती आता आपणच लावून घ्यायची आहे.

दुपारच्या सत्रात एक ठराव येतो आहे. योग्य आयएसबीएन आणि वाचता येणारा बारकोड नसलेलं नवं पुस्तक वितरकांनी स्वीकारू नये, हा त्याचा पहिला भाग. दुकानांनी गल्ल्यावरच्या विक्रीचा साप्ताहिक आकडा एका तटस्थ यंत्रणेला द्यावा, हा दुसरा. पहिल्यावर फारसा वाद होईल असं वाटत नाही. दुसऱ्यावर होईल. आपली विक्री दुसऱ्याला का दाखवायची, ही शंका रास्त आहे. म्हणून आकडे पुस्तकनिहाय द्यावेत, दुकाननिहाय नव्हे, अशी दुरुस्ती मी स्वतः मांडणार आहे. जेवणानंतर बरेचजण एसटी गाठायला निघून जातात. आज मतदान होईपर्यंत थांबा.