रक्त पोहोचेल तिथवर



एप्रिल २०१९ मध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झळकली : शास्त्रज्ञांनी माणसाचं हृदय छापलं. बातमी खोटी नव्हती. तेल अवीव विद्यापीठातल्या ताल द्विर यांच्या चमूनं एका माणसाच्या पोटातल्या चरबीचा तुकडा घेतला, त्यातल्या पेशी मूळपेशींच्या अवस्थेला नेल्या आणि पुढे त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या व रक्तवाहिन्यांच्या पेशी घडवल्या. मग यंत्रानं थरावर थर देत एक हृदय उभं केलं. आकार सशाच्या हृदयाएवढा. त्यातल्या पेशी आकुंचन पावत होत्या, पण एका ठेक्यात नाही. म्हणजे रक्त ढकलायचं, जे हृदयाचं मुख्य काम, तेच त्याला जमत नव्हतं. संशोधकांनी हे उघड सांगितलं होतं. मथळ्यात ते मावलं नाही, इतकंच.

हे यंत्र असतं तरी कसं? अमेरिकेत क्लेमसन विद्यापीठातल्या थॉमस बोलंड यांनी २००३च्या सुमारास ऑफिसातल्या इंकजेट प्रिंटरमध्येच फेरफार करून जिवंत पेशी छापून दाखवल्या. आज जास्त चालतो तो दुसरा प्रकार, आणि तो ओळखायला दिवाळीतला चकलीचा सोऱ्या आठवावा. पिठाच्या जागी पेशी मिसळलेली जेली. ती घट्ट असेल तर दाबताना पेशी चिरडून मरतात. सैल असेल तर पेशी जगतात, पण छापलेला आकार बसतो. या दोन टोकांमधला मेळ साधण्यात प्रयोगशाळांची वर्षं गेली आहेत.

तरीही आकाराचा प्रश्न बराचसा सुटत आला आहे. माझ्या मते खरी अडचण पुढेच आहे, आणि ती रक्ताची आहे.

आपल्या शरीरातली बहुतेक कोणतीही पेशी रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दहाव्या किंवा फार तर पाचव्या हिश्श्यापेक्षा लांब नसते. त्यापलीकडे प्राणवायू झिरपत पोहोचत नाही. त्यामुळे छापलेला तुकडा जाड झाला की आतून मरू लागतो. मोठा अवयव छापायला वेळही खूप लागतो. वरचे थर चढेपर्यंत खालचे उपाशी.

यावर काढलेल्या युक्त्या मात्र ऐकण्यासारख्या आहेत. हार्वर्डमध्ये जेनिफर लुईस यांच्या गटानं एक उफराटी शाई वापरली : खोलीच्या तापमानाला घट्ट, गार केली की पातळ. ऊतीच्या आत तिची जाळी छापायची, मग सगळं गार करून ती काढून घ्यायची. मागे उरतात पोकळ बोगदे, त्यांना आतून रक्तवाहिन्यांच्या पेशींचं अस्तर द्यायचं. राइस विद्यापीठातल्या जॉर्डन मिलर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केली स्टीव्हन्स यांच्या गटांनी २०१९ मध्ये प्रकाशानं घट्ट होणारी जेली घेतली. प्रकाश नको तिथे खोल जाऊ नये म्हणून त्यांनी तिच्यात घातला टार्ट्राझिन, म्हणजे सरबतात आणि मिठाईत असतो तोच पिवळा रंग! त्यातून हवेनं फुगणाऱ्या फुप्फुसाच्या कोशाची, भोवती रक्त वाहणारी प्रतिकृती तयार झाली. पण केशवाहिनीची रुंदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी किंवा त्याहूनही कमी. तिथवर छपाई अजून सहजी उतरत नाही. शिवाय हे सारं रुग्णाच्या धमनीला जोडायचं, तर मऊ जेलीत टाका टिकायला हवा.

म्हणून ज्यांना रक्तवाहिन्याच नसतात, ते भाग पुढे गेले यात नवल नाही. कूर्चा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरचा लवचीक भाग, हा त्यातला एक. अमेरिकेत २०२२ मध्ये जन्मतः अविकसित कान असलेल्या एका तरुणीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवला गेला. दुसरं डोळ्याचं पारपटल, म्हणजे बुबुळापुढचा पारदर्शक पडदा. त्याच वर्षी हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेनं, तिथल्या आयआयटी आणि सीसीएमबी या पेशी-जीवशास्त्र संस्थेबरोबर, पारपटल छापून सशाच्या डोळ्यावर बसवलं. त्याचा कच्चा माल होता रोपणाला न चाललेल्या, दान मिळालेल्या मानवी पारपटलांचा. तेव्हा नेत्रदानाचा अर्ज फाडायची घाई नको.

किडनीचे रुग्ण विचारतात, आमचं कधी? त्यांनी प्रतीक्षायादीतलं नाव काढू नये, हेच प्रामाणिक उत्तर. किडनीत लाखो सूक्ष्म गाळण्या, आणि प्रत्येकीत रक्ताचा गुंता.

तोवर या तंत्राचा उपयोग औषधांच्या चाचणीत आहे. बंगळुरूच्या पँडोरम कंपनीनं २०१५ मध्येच यकृताच्या ऊतीचा तुकडा छापला होता, आणि २०२३ मध्ये भारतानं नवीन औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांवरच्या चाचण्यांबरोबर अशा पद्धतींनाही जागा दिली. तिथे तुकडा अगदी पातळ असला तरी चालतो, काही आठवडेच जगला तरी चालतो. औषध यकृताला झेपतंय की नाही, हे कळायला तेवढं पुरतं.