उसने संरक्षण आणि स्वतःची ठेव
(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर; वैद्यकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि औषधभांडाराचा हिशेब ठेवताना डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते आज आपणापुढे मांडावेसे वाटते. निमित्त एका शब्दाचे आहे. सर्पदंशाचा रुग्ण बरा होऊन घरी निघाला की नातेवाईक समाधानाने म्हणतात, "सापाची लस झाली, आता पुन्हा भीती नाही." ही समजूत जिवावर बेतू शकते.

कारण ती लस नव्हेच. ते प्रतिविष होय. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांचे विष घोड्यांना अल्प प्रमाणात, क्रमाक्रमाने टोचले जाते. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ती शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्या राज्यात मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कार्याशी जोडलेले आहे. या उपचारपद्धतीचा पाया बेरिंग व कितासातो यांनी १८९० मध्ये धनुर्वात आणि घटसर्पावरील संशोधनातून घातला. बेरिंग यांना १९०१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. अर्थात रुग्णाच्या शरीरात लढतात ती घोड्याची प्रतिपिंडे, आणि काही काळाने ती नाहीशी होतात. आमच्या भाषेत सांगायचे तर हे हातउसने धन. पुन्हा दंश झाला तर पुन्हा तातडीने रुग्णालयच गाठले पाहिजे.

खऱ्या लसीचे कार्य निराळे आहे. आपल्या अस्थिमज्जेत बी पेशी जन्म घेतात. प्रत्येक बी पेशी आपल्या पृष्ठभागावर एकाच घडणीची प्रतिपिंडे बाळगते. अशा घडणी असंख्य असतात. लसीतील निरुपद्रवी अंश ज्या पेशीशी जुळतो, ती टी पेशींच्या साहाय्याने झपाट्याने वाढते. तिच्या संततीपैकी काही पेशी दर सेकंदाला हजारो प्रतिपिंडे रक्तात सोडतात. ही प्रतिपिंडे जंतूला किंवा त्याच्या विषाला चिकटून निकामी करतात, तसेच भक्षक पेशींना शत्रूची ओळख पटवितात. प्रथम या कामास आठ-पंधरा दिवस लागतात. सापाचे विष काही तासांतच घात करते, म्हणून तेथे उसनवारीवाचून गत्यंतर नसते. परंतु लसीनंतर काही स्मृतिपेशी मागे उरतात आणि खरा जंतू आला की अल्पावधीत प्रतिकार उभा करतात. ही शरीराची स्वतःची ठेव.

बाळाला आरंभी आईकडूनही उसने धन मिळते. तिची प्रतिपिंडे वारेतून गर्भात जातात व काही महिने पुरतात. ती शिल्लक असताना गोवराची लस नीट लागू पडत नाही. म्हणूनच ती नवव्या महिन्यानंतर देतात. मात्र घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरील मात्रा दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी द्याव्या लागतात.

आपल्या बीड जिल्ह्याचे दुखणे येथेच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकाकडे निघतात. पोळ्याच्या आसपास जन्मलेल्या बाळाच्या या तिन्ही मात्रा नेमक्या फडावरील खोपीत असताना येतात. तेथे सापाचे भय आहेच. त्यात बाळाची ठेवही अपुरी राहते.

माता-पित्यांना आमची विनंती आहे की, लसीकरणाचे कार्ड कोयत्याइतकेच आठवणीने बरोबर न्यावे. कोणत्याही गावच्या सरकारी आरोग्य केंद्रात या लसी विनामूल्य मिळतात. एखादी मात्रा चुकली तरी प्रारंभापासून सुरुवात करावी लागत नाही; राहिली तेथून पुढे घेता येते.

देणगीदारांना नम्र निवेदन असे की, एका गंभीर सर्पदंशाला प्रतिविषाच्या दहा किंवा अधिक कुप्या लागतात. बालकालाही मोठ्या माणसाइतकीच मात्रा द्यावी लागते, कारण साप वय पाहून विष कमी सोडत नाही. हा साठा रिकामा राहणे आम्हांस परवडणारे नाही. तो आपल्या औदार्यावर उभा आहे. मुलांची ठेव मात्र घरोघरी दक्षतेनेच वाढेल. टोळ्या निघण्यापूर्वी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बालकाचे कार्ड तपासण्याचा आम्ही संकल्प केला आहे. त्यास आपणा सर्वांची साथ लाभावी, ही प्रार्थना.