विम्याच्या पलीकडचे देणे

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संध्याकाळच्या आरतीला अजून अवकाश आहे आणि तेवढ्या वेळात मला बोलायला सांगितले आहे. विषय रुक्ष आहे, याची कल्पना आहे. पण मघाशी आत येताना पाहिले, तर सभागृहाबाहेर जितके चपलांचे जोड, जवळजवळ तितक्याच मोटारी उभ्या. तेव्हा ऐकून घ्या. माझी सारी नोकरी एका विमा कंपनीच्या दावे विभागात झाली. मोटार अपघात न्यायाधिकरणात कंपनीच्या बाजूच्या बाकावर बसून मी जे पाहिले, त्यातलेच थोडे सांगणार आहे.

मी विम्यातला माणूस म्हटल्यावर सोसायटीत नेहमी एक प्रश्न येतो. "साहेब, माझ्या गाडीचा विमा सहा लाखांचा. उद्या माझ्या हातून कोणी दगावला आणि कोर्टाने पन्नास लाख ठरवले, तर वरचे चव्वेचाळीस लाख माझ्या खिशातून का?" प्रश्न रास्त आहे, पण त्यातला सहा लाखांचा आकडा भलत्याच गोष्टीचा आहे. पॉलिसीवर ठळक छापलेली ती रक्कम तुमच्या स्वतःच्या गाडीची किंमत असते. गाडी चोरीला गेली किंवा पार चेपली, तर तुम्हाला जास्तीत जास्त काय मिळेल, एवढेच ती सांगते. रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाशी तिचा काही संबंध नाही. त्याच्यासाठी पॉलिसीत वेगळा भाग असतो आणि मृत्यू किंवा इजा यांच्या बाबतीत त्या भागाला आपल्या कायद्यात रकमेची मर्यादा नाही. न्यायाधिकरण जे ठरवील, ते कंपनीने भरायचे.

हे सगळ्यांच्या बाबतीत पूर्वीपासून नव्हते. १९३९ च्या कायद्यात मालमोटारींसाठी विमा कंपनीच्या देण्याला मर्यादा होती. पुढे ती पन्नास हजार आणि मग दीड लाख झाली. तिच्यावरची रक्कम ट्रकमालकाने द्यायची. जादा हप्ता भरून मर्यादा वाढवून घेतली नसेल, तर कंपनीवर वरचा बोजा टाकता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००२ मध्ये सांगितले. तोवर १९८८ चा कायदा येऊन मर्यादा गेली होती. २०१६ च्या दुरुस्ती विधेयकात ती परत आणायचा घाट होता : मृत्यूला दहा लाख, गंभीर इजेला पाच लाख. ते कलम टिकले नाही. २०१९ च्या कायद्यात मर्यादा नाही आणि ती नाही हे आपले भाग्य. कसे, ते आकड्यांत सांगतो.

समजा, सेक्टर ६२ मधल्या एका कंपनीत कायम नोकरीला असलेला अडतीस वर्षांचा इंजिनिअर अपघातात गेला. कर वजा जाता पगार महिना एक लाख. घरी बायको, दोन मुले, आई. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये दिल्ली परिवहन महामंडळाच्या प्रकरणात आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी घटनापीठाच्या निकालात हिशेबाची रीत घालून दिली आहे. वय चाळीसच्या आत आणि नोकरी कायम, म्हणून भविष्यातल्या बढतीचे पन्नास टक्के वाढवायचे. झाले दीड लाख. चौघे अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा. राहिले एक लाख साडेबारा हजार. वर्षाचे साडेतेरा लाख. या वयाला गुणक पंधरा. एकूण दोन कोटी अडीच लाख रुपये. शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि दावा दाखल केल्यापासूनचे व्याज. खटला चार वर्षे चालला आणि सात टक्के व्याज धरले, तर तेच छप्पन्न लाख सत्तर हजार.

आता कोणी म्हणेल, गरीब माणूस असला तर इतके होणार नाही. कबूल. भाजीची गाडी लावणारा, तीस वर्षांचा, महिना पंधरा हजार मिळवणारा, घरी बायको आणि दोन मुले. त्याच रीतीने ते अठ्ठावीस लाख छप्पन्न हजार होतात. आपल्यापैकी किती जणांच्या बचत खात्यात इतके पडून आहेत, ते मी विचारत नाही.

आणि हा सगळा बोजा कंपनी कशाच्या मोबदल्यात उचलते? हजार ते दीड हजार सीसीच्या खासगी गाडीला २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला तीन हजार चारशे सोळा रुपये आणि वर कर. एवढ्या स्वस्तात इतकी मोठी हमी मला तरी दुसरीकडे कुठे दिसलेली नाही.

मग घाबरायचे कशाला? घाबरायचे ते कागदाला. रक्कम मोठी म्हणून घर विकावे लागलेला खासगी गाडीवाला मला आठवत नाही. कागदात भोक राहिले म्हणून बुडालेले मात्र आठवतात.

मुदत संपलेला विमा हे सगळ्यात मोठे भोक. तिथे कंपनीच नाही. सारे देणे मालकाचे. दुसरे भोक लायसन्सचे आणि ते जास्त फसवे, कारण विमा चालू असतो, हप्ता भरलेला असतो, माणूस निर्धास्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्सच्या प्रकरणात जे ठरवले, त्याला आमच्या भाषेत 'भरा आणि वसूल करा' म्हणतात. चालकाकडे वैध लायसन्स नव्हते आणि मालकाने त्यात जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने चूक केली, हे कंपनीने सिद्ध केले, तरी न्यायाधिकरण कंपनीला सांगू शकते की आधी त्या विधवेचे पैसे भरा. मग मालकाकडून वसूल करा. मला हे न्याय्य वाटते. कंपनीचा माणूस असूनही वाटते. तिचा नवरा गेला, तिने का थांबावे?

पण मालकाची बाजू पाहा. निकालात 'विमा कंपनीने भरावे' हे शब्द वाचून तो पेढे वाटतो. पुढची ओळ वाचत नाही. काही महिन्यांनी कंपनीचा वसुलीचा अर्ज येतो. त्यासाठी वेगळा दावा लावावा लागत नाही. त्याच न्यायाधिकरणात अंमलबजावणी मागता येते. जिल्हाधिकाऱ्याकडे दाखला गेला, तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. म्हणजे सूरजपूरहून माणसे येतात आणि फ्लॅटची कागदपत्रे विचारतात.

आपल्याकडे बहुतेक घरांत ड्रायव्हर ठेवलेला असतो. त्याचे लायसन्स तुम्ही स्वतः पाहिले का? गाडी कशी चालवतो ते शेजारी बसून पाहिले का? कायदा मालकाकडून इतकेच मागतो. परिवहन कार्यालयात जाऊन खरे-खोटे तपासत बसा, असे तो म्हणत नाही. लायसन्सची झेरॉक्स घरात ठेवा आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर लिहा. इथे जमलेल्या ज्येष्ठांनी आपलेही पाहावे. पंचावन्न ओलांडल्यावर लायसन्स पाच-पाच वर्षांचेच मिळते. मुदत संपल्यावर पूर्वी तीस दिवसांची सवलत होती, ती २०१९ च्या दुरुस्तीने गेली. दारू पिऊन चालवणे हेही २०१९ च्या दुरुस्तीने कंपनीच्या बचावाच्या कारणांत घातले आहे. अल्पवयीन मुलाच्या हाती किल्ली देणाऱ्याला तर त्याच दुरुस्तीने तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड ठेवला. मे २०२४ मध्ये पुण्यातल्या कल्याणीनगरात काय झाले, ते आपण सर्वांनी वाचले आहे. सोसायटीच्या आत 'जरा हात बसावा' म्हणून चौदा वर्षांच्या मुलाला गाडी देणारे बाप मी इथेही पाहतो.

विकलेल्या गाडीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा आपल्या भागाचा खास रोग आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरातल्या दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बडगा उगारला. पुढे आदेश बदलत राहिले, पण तेव्हापासून जुन्या गाड्या स्वस्तात बाहेरच्या जिल्ह्यांत जाऊ लागल्या. दलाल रोख देतो, कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो, गाडी नेतो. नोंदणी पुस्तकावर नाव तुमचेच.

शेजारच्या हरियाणातले एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गाडी २००७ मध्ये विकली गेली होती. नंतर ती एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली. मे २००९ मध्ये मागे घेताना तिने रस्त्याने चाललेल्या दोघांना धडक दिली आणि त्यातला मुलगा गेला. विमा कोणीच उतरवला नव्हता. भरपाई ठरली तीन लाख पंच्याऐंशी हजार. मूळ मालक म्हणाला, मी गाडी केव्हाच विकली. उच्च न्यायालयाला ते पटले. पण ६ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवले. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक आणि तोच देणेकरी. जखमी माणसाने गाडी कोणाकोणाकडे गेली याचा माग काढत फिरायचे का, हा न्यायालयाचा मुद्दा होता. तेव्हा फॉर्म २९ आणि ३० स्वतः भरा. गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर ना-हरकत दाखला काढा. नाव बदलल्याचे परिवहनच्या संकेतस्थळावर दिसेपर्यंत विक्री झाली असे समजू नका.

गाडीत बसवलेल्या मित्रांचे काय? फक्त थर्ड पार्टीची स्वस्त पॉलिसी असेल, तर खासगी गाडीत फुकट बसलेला प्रवासी तिच्यात येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला. आपण मित्रांची मोट बांधून यमुना एक्स्प्रेस-वेने मथुरेला जातो. त्या १६५ किलोमीटरांत गाडी धीमी ठेवणारे थोडेच. जुनी गाडी म्हणून पॉलिसी उतरवून घेण्याआधी एवढे लक्षात असू द्या.

रकमेची खरी मर्यादा लागते ती दुसऱ्याच्या मालमत्तेला. खासगी गाडीला साडेसात लाख. काहीजण हप्त्यात शंभर रुपये वाचवायला ही मर्यादा सहा हजारांवर आणून घेतात! डीएनडीवर पुढची महागडी गाडी ठोकली, की तिचा एक दिवाही सहा हजारांत येणार नाही. वरचे सारे तुमचे. शंभर रुपयांची काटकसर कुठे करावी, यालाही काही ताळतंत्र असावे.

मुले अमेरिकेत असलेल्यांनी विचारले होते, म्हणून दोन शब्द. तिकडे उलटे आहे. माणसाच्या इजेलाही मर्यादा असते आणि कायद्याने सक्तीची मर्यादा फार थोडी असते. कॅलिफोर्नियात २०२४ अखेरपर्यंत एका माणसामागे पंधरा हजार डॉलर होती, २०२५ पासून तीस हजार झाली. वरच्या रकमेसाठी घर-बचत ओढली जाते, म्हणून तिथले लोक 'अंब्रेला' नावाची वेगळी पॉलिसी घेतात. त्यांच्याकडे गेलात आणि त्यांची गाडी हातात घेतलीत, तर आपले नाव पॉलिसीत चालते का, ते आधी मुलाला विचारा.

व्याख्यानानंतर प्रश्न झाले. त्यातला एक इथे नोंदवतो. एका वहिनींनी विचारले, "आमच्या ह्यांना जाऊन पाच महिने झाले. गाडी त्यांच्याच नावावर आहे, विमा मार्चपर्यंतचा आहे. मुलगा चालवतो. चालेल ना?" मी त्यांना सांगितले, की मालक गेल्यावर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातले जे आधी येईल तोवरच धरली जाते. नोंदणी कार्यालयालाही मृत्यूची खबर तीस दिवसांत द्यायची असते आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म ३१ भरायचा असतो. तुमचे दोन्ही महिने उलटून गेले. आज घरी जाताना गाडी इथेच राहू द्या, मंडळाचे कोणी तुम्हाला सोडेल. उद्या मृत्यूचा दाखला, नोंदणी पुस्तक आणि पॉलिसी घेऊन माझ्याकडे या. आधी कंपनीला पत्र लिहू, मग परिवहन कार्यालयात जाऊ.