आधी कान, मग कार्यक्रम
(रेडिओवरून प्रसारित झालेलं भाषण)

ज्येष्ठांच्या वसाहतींमधलं समाजजीवन असा विषय मला दिला आहे, आणि दहा मिनिटं दिली आहेत. पुण्याच्या आसपास, पाषाण-बावधनपासून तळेगावापर्यंत, अशा वसाहती आता चांगल्या रुळल्या आहेत. तिथं काय काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी हास्यक्लब, दुपारी भजनी मंडळ, संध्याकाळी ब्रिज आणि कॅरम, नवरात्रात भोंडला, कोजागरीला दूध, मधूनच कुणाची पंचाहत्तरी, कुणाचं सहस्रचंद्रदर्शन. ही यादी वाचण्यात मी वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कारण ज्यांच्यापर्यंत ती पोचायला हवी, त्यांना ती पहिल्या खेपेला ऐकू जाईलच असं नाही.

ती गोष्ट अशी. आपल्या सभागृहात जे येईनासे होतात, त्यांतल्या पुष्कळांना ऐकू येत नसतं. आपण म्हणतो, ‘त्यांना आवड नाही’, ‘ते जरा एकलकोंडेच आहेत’, ‘वहिनी गेल्यापासून मिसळत नाहीत’. हेही असेल. पण आधी कान बघा. आधी कान, मग कार्यक्रम.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं साठीच्या पुढच्या लोकांत चारातल्या एकाहून अधिक जणांना रोजच्या व्यवहारात अडचण येईल इतका श्रवणदोष असतो. म्हणजे चाळीस खुर्च्या भरल्या, तर दहा खुर्च्यांवरची माणसं अर्धवट ऐकताहेत असं धरून चाला. वसाहतीत तर सरासरी वय साठीच्या कितीतरी पुढचं. तिथं हा आकडा कुठं जाईल, तुम्हीच बघा.

एक उदाहरण देते. आमच्याकडे शनिवारी हाऊजी असते. एक काकू दर शनिवारी पहिल्या रांगेत, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर तिकीट, हातात पेन. एकदा त्यांनी ‘पहिली लाईन’ म्हणून हात वर केला. तिकीट तपासलं. पुकारला होता सत्तावन्न, त्यांनी खोडला होता अठ्ठावन्न. सगळे हसले. वाईट मनानं कुणीच हसलं नाही, अगदी प्रेमानं हसले. पण पुढच्या शनिवारी काकू आल्या नाहीत. गुडघा दुखतो म्हणाल्या. त्याच्या पुढच्या शनिवारी लेकीचा फोन येणार होता. मग कुणी विचारणंही सोडून दिलं. गुडघा ठणठणीत होता, रोज संध्याकाळी त्या बागेला तीन फेऱ्या घालत होत्या.

सत्तावन्न आणि अठ्ठावन्न. सात आणि आठ. हे दोन शब्द मोठ्यानं म्हणून बघा. दोन्हींत स्वर एकच, ‘आ’. फरक फक्त व्यंजनांचा. आणि वय वाढतं तसे कानाला आधी सोडून जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. स, श, त, थ, क, फ या व्यंजनांची ओळख त्यांच्यावरच असते. स्वर जाड, खालच्या पट्टीचे, ते शेवटपर्यंत पोचतात. म्हणून म्हातारं माणूस म्हणतं, ‘आवाज येतो रे, पण शब्द लागत नाहीत.’ ते अगदी खरं सांगत असतं आणि आपण म्हणतो, ‘लक्ष देत नाहीत!’

आता हे पंगतीवरून बघा. पंगतीत स्वर म्हणजे भात आणि व्यंजनं म्हणजे मीठ, लिंबू, कोशिंबीर. पानाची चव डाव्या बाजूला असते. आपण काय करतो? समोरच्याला ऐकू आलं नाही की ओरडतो. ओरडल्यानं स्वरच मोठे होतात. म्हणजे भातावर आणखी भात वाढला, मीठ आलंच नाही. तो बिचारा अळणी भात बघत बसतो, आणि वर आपण रागावलो असं त्याला वाटतं ते वेगळंच. पंगतीत एखाद्या पानावर काही वाढायचं राहिलं, तर जुन्या वळणाचा माणूस ओरडून मागत नाही. वाढपी पुढं निघून गेला की तो गप्प बसतो. शेजारच्यानं विचारलं तर म्हणतो, ‘झालं, पुरे.’ आपल्या सभागृहात जे मान डोलावतात, हसल्यावर अर्ध्या क्षणानं हसतात, ते हेच ‘झालं, पुरे’ म्हणणारे. त्यांचं पान रिकामं आहे. पानं उपाशी उठली, तर चूक जेवणाऱ्यांची धरत नाहीत, वाढणाऱ्यांची धरतात.

म्हणून माझं पहिलं बोलणं आहे ते वसाहतींच्या समित्यांशी, सांस्कृतिक मंडळांशी. रागावू नका, पण पैसे जमले की तुम्ही मोठे स्पीकर घेता. त्याऐवजी सभागृह बघा. खाली गुळगुळीत फरशी, भिंती उघड्या, वर सहा पंखे. टाळी वाजवली तर घुमते. अशा खोलीत तरण्या कानालासुद्धा शब्द फुटके येतात. जाड पडदे लावा. जाजम घाला, पण कडा नीट दाबून, कुणी अडखळायला नको. भाषणाच्या वेळी आवाज करणारा पंखा बंद ठेवा. वक्ता खिडकीला पाठ करून उभा राहिला की त्याचा चेहरा काळवंडतो. त्याला उजेडाकडे तोंड करून उभं करा, कारण कमी ऐकणारा माणूस ओठांवरून निम्मं वाचत असतो. गप्पांच्या कार्यक्रमाला खुर्च्या रांगेत नकोत, गोल मांडा.

आणि माईक. ‘माझा आवाज खणखणीत आहे, मला माईक लागत नाही,’ असं म्हणणारे वक्ते आपल्याकडे फार. तुम्हाला लागत नसेल, ऐकणाऱ्यांना लागतो! डॉक्टरांचं व्याख्यान संपतं, प्रश्न सुरू होतात. मागून कुणीतरी माईकशिवाय विचारतं, डॉक्टर माईकवरून सांगतात, ‘नाही, ती गोळी लगेच बंद करा.’ कोणती गोळी? प्रश्न ऐकूच आलेला नाही. दहा माणसं घरी जाऊन कोणती गोळी बंद करतील, सांगा. प्रश्न कुणीही विचारो, वक्त्यानं तो माईकवर पुन्हा म्हणायचा आणि मगच उत्तर द्यायचं. याला पैसा पडत नाही.

हाऊजीचंही असंच सोपं निघालं. आता आकडा पुकारला की फळ्यावर मोठ्ठा लिहितात. एक पांढरा फळा, एक काळं पेन. काकू आता येतात. त्यांच्यामागोमाग आणखी तिघंचौघं येऊ लागली. त्यांना ऐकू येत नव्हतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

परदेशांत सभागृहाभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं बसवतात. माईकवरचं बोलणं त्या तारेतून थेट कानाच्या मशीनमध्ये उतरतं, खोलीचा गोंगाट मध्ये येतच नाही. पुष्कळ मशीनांत त्यासाठी ‘टी’ नावाची सोय असते. आपल्या नव्या वसाहती बांधतानाच हे केलं, तर फरशीखालून तार टाकणं सोपं जाईल. बांधकाम व्यावसायिक पोहण्याचा तलाव दाखवतात, त्यांना हा प्रश्न विचारा. यावर खूप सांगण्यासारखं आहे, पण वेळ बघता पुढं जाते.

आता दुसरं बोलणं, मुलांशी. तुम्ही आईवडिलांना चांगलं महागाचं मशीन घेऊन दिलंत, दोन दिवस राहिलात आणि गेलात. मशीन कपाटात आहे. तुम्ही फोनवर म्हणता, ‘एवढं घेऊन दिलं तरी लावत नाहीत.’ अहो, मशीन चष्म्यासारखं पहिल्या दिवशी लागत नाही. वर्षानुवर्षं जे आवाज मेंदूनं ऐकलेच नाहीत, ते एकदम अंगावर येतात. भांड्यांचा खडखडाट, कागदाची सळसळ, स्वतःचं चावणं. सवय व्हायला आठवडे लागतात, आणि मधून मधून तज्ज्ञाकडे जाऊन ते पुन्हा जुळवून घ्यावं लागतं. त्यात सेल हरभऱ्याच्या डाळीएवढा. पाठीवरचा चिकट कागद सोलायचा, हवा लागायला मिनिटभर थांबायचं, मग तो नेमक्या बाजूनं बसवायचा. संधिवातानं वाकडी झालेली बोटं हे कसं करणार?

इथं वसाहतीचा उपयोग आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये एकटं राहणाऱ्याला जे जमत नाही, ते इथं जमतं. आठवड्यातून एक दिवस, नाश्त्यानंतर अर्धा तास, एका टेबलाशी कानांची बैठक ठेवा. ज्यांची बोटं चालतात ते सेल बदलून देतील, नळी पुसून देतील. ज्यांना मशीनची सवय झाली आहे ते नवख्याला धीर देतील. कुणी घड्याळदुरुस्ती केलेली असते, कुणी प्रयोगशाळेत आयुष्य काढलेलं असतं, त्यांना हातांना काम हवंच असतं. तुम्ही विचाराल, हा काय कार्यक्रम झाला? मी म्हणते, बाकी सगळे कार्यक्रम यावर उभे आहेत. आधी कान, मग कार्यक्रम.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांच्याच. कानात मळ साचून बहिरेपण आलं असेल तर तो डॉक्टरांकडूनच काढून घ्या, तेल आणि काड्या घालू नका. आणि एका कानानं अचानक, रात्रीतून ऐकू येईनासं झालं, तर ‘बघू चार दिवस’ म्हणू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. तिथं उशीर झाला तर गेलेली श्रवणशक्ती परत येणं अवघड होतं.

हे सगळं कशासाठी? अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर एक मोठा अभ्यास झाला. निम्म्यांना मशीन आणि ते वापरण्याचं मार्गदर्शन दिलं, निम्म्यांना फक्त आरोग्याची माहिती. तीन वर्षांनी मशीनवाल्यांच्या जवळच्या माणसांच्या गोतावळ्यात, दुसऱ्या गटाच्या मानानं, सरासरी एक माणूस जास्त टिकून होता. हा निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाला. कुणी म्हणेल, एकच माणूस? अहो, ऐंशीव्या वर्षी एक माणूस म्हणजे काय, ते वसाहतीत राहणाऱ्याला विचारा. ब्रिजचा चौथा गडी तो. सकाळी दार उघडलं नाही तर बेल वाजवणारा तो. २०२४ साली लॅन्सेट आयोगानं स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण आवर घालता येण्यासारखी चौदा कारणं मांडली. त्यांत श्रवणदोष आहे आणि एकटेपणाही आहे. आमच्या सभागृहाच्या मागच्या रांगेत ही दोन्ही हातात हात घालून बसलेली दिसतात.

खर्चाचं थोडक्यात सांगते, कारण काचेपलीकडून मला बोटं दाखवताहेत. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ पासून आहे. पासष्ट वर्षांवरच्या, दोन लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना साधनांसाठी एकदा तीन हजार रुपये खात्यात मिळतात आणि त्या साधनांत श्रवणयंत्र आहे. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे. वसाहतीत राहणाऱ्यांना त्यांची गरज नसेल, पण तुमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींच्या सासूबाईंना असेल. त्यांना सांगा, अर्ज भरून द्या. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे, तिथं तपासणी होते.

भजनाविषयी बोलायचं राहिलं. ज्यांना बोललेले शब्द लागत नाहीत, त्यांना पाठ असलेला अभंग मात्र लागतो, ते त्यात बरोबर सूर धरतात, याचं कारण... पण आता वेळ नाही, ते पुन्हा कधीतरी.

शेवटचं, पुन्हा तेच. पंगत बसली की आपल्याकडे यजमान हात जोडून म्हणतो, ‘सावकाश होऊ द्या.’ बोलतानाही सावकाश होऊ द्या. समोर या, चेहरा दिसू द्या, ओरडू नका, वाक्य कळलं नाही तर तेच पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा. आणि ज्यांना ऐकू येत नाही, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. लाजू नका. ‘झालं, पुरे’ म्हणू नका. ‘मला ऐकू आलं नाही, परत सांगा,’ असं स्पष्ट म्हणा. एकदा, दोनदा, दहादा म्हणा. तुमचा तो हक्क आहे. येत्या आठवड्यात तुमच्या सभागृहात जे बऱ्याच दिवसांत आले नाहीत, त्यांच्या दारी जा आणि समोर बसून विचारा, ‘तुम्हाला तिथं ऐकू येतं का?’