घरची कर्ती : लक्ष्मीबाई टिळक

आमच्या ठाणे-कल्याणकडच्या जुन्या घरांत भिंतीवर एखाद्या आजीची तसबीर असतेच. घरातील वडील माणसे तिच्याकडे बोट दाखवून सांगतात, "फार सोशिक होती हो!" या एका शब्दात आपण तिचे सारे आयुष्य गुंडाळून ठेवतो. हा शब्द स्तुतीचा खरा. परंतु तो पुरेसा आहे काय, या प्रश्नाचा विचार आज एका थोर गृहिणीच्या चरित्राच्या आधारे करावयाचा आहे. त्या गृहिणी म्हणजे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, हे लहानपणी आमच्या कल्याणच्याच शाळेत शिकले. १८६९ ते १८७३ हा त्यांच्या प्राथमिक शिक्षणाचा काळ. तेव्हा या घराण्याशी आपले थोडेसे शेजारपणाचे नातेही लागते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर या गावी झाला. वडिलांना सोवळ्याओवळ्याचे विलक्षण वेड होते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात यावयाचा नाही. मीठदेखील या नियमातून सुटत नसे. अशा घरातील ही मुलगी अकराव्या वर्षी टिळकांच्या घरी आली. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नव्हते. अक्षरओळख झाली ती पुढे पतीमुळेच.

टिळक बुद्धिमान, उदार आणि तितकेच लहरी. आज या गावी नोकरी, उद्या त्या गावी. पैसा हाती आला की तो कोठे जाईल याचा नेम नाही. घरात धान्य नाही म्हणून शिलकीचे पैसे देऊन बाजारात धाडावे, तर स्वारी एक सुंदर दौत घेऊन परत यावयाची! दुसऱ्या एखाद्या बाईने या प्रसंगावर अश्रू ढाळले असते. लक्ष्मीबाई रागावल्या नाहीत असे नव्हे. भांडण त्या खुशाल करीत, आणि पुढे ते सारे लिहिताना वाचकाला पोट धरून हसवीत. आपण स्वतः त्या हास्यातून सुटू नये, याचीही त्यांनी काळजी घेतली आहे.

परंतु खरी कसोटी पुढेच होती. १८९३ साली राजनांदगावला जात असता आगगाडीत एका मिशनरी गृहस्थाशी टिळकांची गाठ पडली. त्या भेटीतून ख्रिस्ती धर्माचा अभ्यास सुरू झाला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळले. पदरी लहानगा दत्तू. नवरा जिवंत असून संसार मोडलेला. आप्तांच्या घरी आश्रित म्हणून राहणे आले. काही अपत्ये पूर्वीच तान्हेपणी दगावली होती. जवळजवळ पाच वर्षे अशी गेली.

नंतर त्या पतीकडे परत आल्या. मात्र परत आल्या त्या आपला धर्म आणि आपली चूल बरोबर घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको सोवळ्यातली, आणि दोघांचा संसार एक! टिळकांनी या बाबतीत त्यांच्यावर बळजबरी केली नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे राहुरीस असताना एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात जातिभेदाचा विचार सुरू झाला. जाती देवाने निर्माण केल्या की माणसाने? पशुपक्ष्यांत भेद दिसतो तो जन्मतःच दिसतो. माणसामाणसांत तसा कोणता भेद दिसतो? या विचाराअखेर त्यांनी ठरविले की यापुढे कोणाच्याही हातचे खावयाचे. मीठ धुणाऱ्याच्या मुलीने हा निर्णय घेतला, आणि तो कोणाच्या आज्ञेवरून घेतला नाही. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःची खात्री पटल्यावरच.

त्यांची धर्मनिष्ठा ज्यास पटेल त्यास पटो, न पटेल त्यास न पटो. येथे तो वाद नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, जुना आचार पाळताना ही बाई जितकी खंबीर होती, तितकीच तो सोडतानाही होती. सोशिकपणा म्हणजे नुसते निमूट राहणे असेल, तर तो गुण लक्ष्मीबाईंच्या अंगी बेताचाच होता. त्यांनी सोसले फार. परंतु सोसत असताना विचार करण्याचा आपला अधिकार त्यांनी कोणाच्या स्वाधीन केला नाही.

आणि मग त्यांचे घर केवळ त्यांचे राहिले नाही. अनाथ मुलांना त्या घरात आईची माया मिळाली. अहमदनगरास प्लेगने थैमान घातले तेव्हा आजाऱ्यांच्या शुश्रूषेसाठी त्या पतीबरोबर पुढे झाल्या. तरुण कवी बालकवी ठोमरे यांनाही याच घराने जवळ केले. १९१८ साली रेल्वे-अपघातात त्यांचा अंत झाला. पुढच्याच वर्षी, ९ मे १९१९ रोजी, टिळक गेले.

पन्नाशीच्या या विधवेने त्यानंतर काय करावे? 'ख्रिस्तायन' हे टिळकांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. त्यांचे सुमारे दहाच अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्यायांची भर घातली. चिरंजीव देवदत्त यांस वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते. त्यासाठी त्यांनी आईजवळ आठवणी मागितल्या. त्या आठवणींतून 'स्मृतिचित्रे' उभी राहिली आणि १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंचे देहावसान झाले. ज्या बाईला शुद्धलेखनाचे धडे कधी मिळाले नाहीत, तिचे हे पुस्तक आज मराठी गद्याचा अलंकार मानले जाते. घरात बोलावे तशी ती भाषा आहे, हेच त्याचे मर्म होय.

श्रोतेहो, मुलाने विचारले नसते तर? टिळकांचे नाव राहिलेच असते. लक्ष्मीबाई मात्र तसबिरीतील एक सोशिक बाई होऊन बसल्या असत्या. आमच्या कल्याण-डोंबिवलीत जुने वाडे आणि चाळी पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहत आहेत. घर बदलताना भांडीकुंडी आपण मोजून नेतो. त्या घरातील वृद्ध स्त्रीने काय सोसले, हे आपण ऐकलेले असते. पण तिने काय ठरविले, कोणाशी भांडली, कशावर हसली, हे तिला सहसा कोणी विचारत नाही. ते विचारावे, आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, न सुधारता, वहीत उतरून ठेवावे. प्रत्येक वहीचे 'स्मृतिचित्रे' होणार नाही. तसे होण्याची गरजही नाही. नातवंडांना आपली आजी ओळखता आली, तरी त्या वहीचे सार्थक झाले.