परदेशची मोटार आणि बोरघाटाची वाट

अनेक वर्षे परदेशी काढून स्वदेशी परतणाऱ्या गृहस्थापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो सामानाचा. भांडी, पुस्तके, कपडे यांचा निकाल लवकर लागतो. मोटारीचा मात्र लागत नाही. कर्जत किंवा खालापूर तालुक्यात घर बांधून उत्तरायुष्य तेथे घालवू इच्छिणाऱ्या कुटुंबास तर गाडी बरोबर नेण्याचा मोह अधिकच होतो. स्टेशनापासून घर दूर, पावसाळा दांडगा, आणि गाडी कष्टाच्या पैशाने घेतलेली, हाताच्या सवयीची! ती परक्याच्या हवाली करणे जिवावर येते. परंतु जहाजाचे भाडे विचारण्यापूर्वी एक गोष्ट पाहावयास हवी. ती गाडी कोणत्या रस्त्यासाठी घडविलेली आहे?

जगातील रस्त्यांचे दोन पंथ आहेत. भारत, ब्रिटन, जपान व ऑस्ट्रेलिया या देशांत वाहने डाव्या अंगाने चालतात. अमेरिका, जर्मनी व आखातातील अरब देश यांत ती उजव्या अंगाने चालतात. चालकाची बैठक रस्त्याच्या मध्याकडे असावी, हे दोन्हीकडील तत्त्व एकच. म्हणून दुबईच्या किंवा मस्कतच्या गाडीचे सुकाणूचक्र डावीकडे, तर आपल्याकडील गाडीचे उजवीकडे असते.

हा भेद केवळ सवयीचा नव्हे. खोपोलीहून बोरघाट चढताना पुढे मालाने लादलेला ट्रक असला, म्हणजे उजवीकडे बसलेला चालक किंचित बाजूस सरून समोरून काही येते काय ते पाहू शकतो. डावीकडे बसलेल्या चालकास ट्रकाच्या पाठीखेरीज काहीच दिसत नाही. पुढचे पाहावयाचे तर अवघी गाडी रस्त्याच्या मध्यावर काढावी लागते, आणि ती काढल्यावर मागे घेण्यास अवसर उरेलच असे नाही. स्वीडन देशाने हा अनुभव घेतला आहे. तेथे वाहने डावीकडून चालत, पण बहुतेक गाड्यांची चक्रेही डावीकडेच होती. अखेर १९६७ सालच्या ३ सप्टेंबर रोजी त्या देशाने आपली सारी वाहतूकच उजवीकडे वळविली. एक राष्ट्र असे करू शकते. एकटा गाडीवान नव्हे.

कायद्याविषयी एक गैरसमज आढळतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२० व्या कलमाप्रमाणे, डाव्या चक्राच्या गाडीस चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विद्युत संकेतसाधन नसेल तर ती सार्वजनिक रस्त्यावर चालविता येत नाही. यावरून पुष्कळांस वाटते, की असे साधन असले म्हणजे काम झाले. परंतु रस्त्यावर चालविण्याचा नियम निराळा आणि देशात आणण्याचा निराळा. वापरलेल्या मोटारीच्या आयातीच्या अटी कडक आहेत. चक्र उजवीकडेच हवे; निर्मितीपासून तीन वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा; वेगदर्शक किलोमीटर दाखविणारा असावा; आणि पुढील दिव्यांचा झोत डाव्या वाहतुकीस अनुरूप असावा. गाडी मुंबई बंदरातूनच उतरवावी लागते, आणि निदान पाच वर्षे ती रस्त्यावर चालण्यास योग्य राहील असा दाखला लागतो. मुंबई बंदर कर्जतकरांस जवळचे खरे. पण त्याचा दरवाजा असा अरुंद आहे.

दिव्यांची अट क्षुल्लक वाटेल. तथापि उजव्या वाहतुकीसाठी घडविलेला झोत उजवीकडे अधिक पसरतो. आपल्याकडे तोच समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. चौकहून कर्जतकडे येणाऱ्या अंधाऱ्या, पावसाने भिजलेल्या रस्त्यावर याचा अर्थ काय होतो, ते सांगावयास नको.

करांचा हिशेबही आधीच मांडावा. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याने 'प्रवाशाचे सामान' या व्याख्येतून मोटार वगळली आहे. त्यामुळे परतणाऱ्यास घरसामानावर मिळणारी सवलत गाडीस लागू होत नाही, आणि जुन्या गाडीवरील सर्व कर मिळून होणारी रक्कम तिच्या ठरविलेल्या मूल्याहूनही अधिक भरते. 'कार्ने' नावाच्या आंतरराष्ट्रीय परवान्याने गाडी शुल्काविना आणता येते. पण ती पाहुणी म्हणून. मुदत सरताच तिला परत जावे लागते. शिवाय आपल्या पंपांवरील पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते त्या इंजिनास मानवेल काय, सुटे भाग मिळतील काय, याचाही विचार करणे प्राप्त आहे.

मग परदेशची वस्तू येथे नांदतच नाही काय? नांदते; कर्जत तालुक्यातच त्याचे उदाहरण आहे. नेरळहून माथेरानास जाणारी दोन फुटी लोहवाट १९०७ साली सुरू झाली. तिची वाफेची इंजिने जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याची होती. परंतु ती तेथील वाटेसाठी घडविलेली नव्हती. माथेरानची तीव्र वळणे ध्यानी घेऊन, टोकांकडील चाके वळणाबरोबर वळतील अशी योजना त्यांत केलेली होती. म्हणूनच परदेशची ती इंजिने या डोंगरात कित्येक दशके राबली.

यास्तव शहाणपणाचा मार्ग हाच, की उजव्या चक्राची, अटींत बसणारी नवी गाडी हाती असेल आणि कर भरूनही ती परवडत असेल, तरच ती आणावी. एरवी ती तेथेच विकून, आलेल्या पैशांतून येथील रस्त्यास साजेशी गाडी घ्यावी. गाडीवरील प्रेम खोटे नसते. पण घाटात समोरून येणाऱ्याचा जीवही तितकाच मोलाचा असतो. माथेरानास जाणारी मोटार कोठलीही असो, कितीही मोलाची असो, ती दस्तुरी नाक्यावर थांबते. डोंगराने घातलेला तो नियम कोणी अपमान मानीत नाही.