आतड्याचा क्षय की क्रोनचा विकार?



भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. भट्टी विझत नाही, म्हणून माणसे पाळीपाळीने जागतात. अशा घरात कोणाच्या पोटात उजवीकडे खाली दुखू लागले, जुलाब लागले, वजन उतरू लागले, की दोष रातपाळीला मिळतो. जेवणाची वेळ चुकते, दुसरे काय! आणि तेवढ्यात सहा महिने निघून जातात.

लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते त्या सांध्यावर दोन विकार ठाण मांडतात. एक क्षय, तो आपल्या पूर्वपरिचयाचा. दुसऱ्याचे वर्णन १९३२ साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन, गिन्झबर्ग व ओपेनहायमर यांनी केले. यात शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. हा विकार संसर्गजन्य नाही. तो पाश्चात्त्यांचाच, हा समज आता मावळला आहे.

दोघांचे रूप इतके सारखे, की सूक्ष्मदर्शकाखालचा मांसाचा तुकडाही कित्येकदा निर्णय देत नाही. चूक मात्र दोन्हीकडून महाग पडते. क्रोनचा दाह शमविणारे स्टेरॉइड क्षयरोग्याला दिले, तर क्षय भडकतो. उलट, क्रोनच्या रोग्याला महिनोन् महिने क्षयाचीच औषधे देत राहिले, तर मधल्या काळात आतडे अरुंद होऊन तुंबते, किंवा व्रण शेजारच्या आतड्यात भोक पाडतो. मग शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते.

म्हणून संशय फिटत नसेल, तेव्हा वैद्य प्रथम दोन-तीन महिने क्षयाची औषधे देतात आणि पुन्हा दुर्बीण घालून पाहतात. व्रण भरला असेल, तर तो क्षय. औषधे निदान सहा महिने पुरी करावयाची. नसेल, तर विचार बदलावयाचा. ‘आता बरे वाटते’ हा रोग्याचा शब्द येथे पुरावा नव्हे. क्रोनच्या रोग्यालाही या औषधांनी काही काळ बरे वाटू शकते. दुसऱ्या तपासणीचा कंटाळा करणारे माझ्या मते सर्वांत मोठी जोखीम पत्करतात.

क्रोन समूळ जात नाही, पण आवाक्यात राहतो. १९९८ पासून वापरात आलेली नवी इंजेक्शने गुणकारी आहेत. तीही देण्यापूर्वी सुप्त क्षय नाही ना, हे पाहावेच लागते. शस्त्रक्रियेने अरुंद भाग काढला, तरी विकार परतू शकतो. सिगारेट-बिडी त्याला खतपाणी घालते.

भिलाईहून रायपूरला वा नागपूरला दाखवावयास जाल, तेव्हा पहिल्या तपासणीचा अहवाल आणि औषध सुरू केल्याची तारीख बरोबर न्या. व्रण भरला की नाही, हे त्या कागदाशी ताडूनच ठरावयाचे असते.